बागेतलं दुसरं झाड

(माजिवडा, ठाणे येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



विषय वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. माजिवड्यात सफरचंदाच्या परागीभवनावर व्याख्यान कशाला? घोडबंदर रोडला सफरचंदाची बाग कुठे आहे? बाग नाही, हे खरं. पण या सभागृहातल्या निम्म्याअधिक लोकांचं गाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात असेल. गावी वाडवडिलांनी लावलेली हापूसची कलमं असतील. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाहून एक ठरलेला फोन येत असेल : मोहोर झाडभर आला, पण आंबा धरला नाही. त्या फोनला उत्तरं अनेक आहेत. तुडतुडा आहे, भुरी आहे, अवकाळी पाऊस आहे, रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन आहे. यातलं एक उत्तर मात्र आपल्याकडे फार थोडे लोक देतात, आणि ते उत्तर सफरचंदाच्या बागायतदारांनी मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. म्हणून आज आधी सफरचंद, मग आंबा.

एक काम सांगतो, उद्या घरी करून बघा. सफरचंद आपण देठाकडून खाली उभं कापतो. ते आडवं कापा, बरोबर मध्यावर. आत पाच पाकळ्यांची चांदणी दिसेल. ते बियांचे पाच कप्पे. प्रत्येक कप्प्यात साधारण दोन बिया, म्हणजे भरलेल्या फळात दहा. आता बिया मोजा. बहुधा दहा नसतील. सात असतील, पाच असतील, एखादा कप्पा रिकामा असेल किंवा त्यात नखाएवढं वाळकं टरफल असेल. मग फळाचे दोन अर्धे पुन्हा जोडून बघा. ज्या बाजूचा कप्पा रिकामा आहे, त्या बाजूला फळ बसकं दिसेल, खांदा उतरलेला दिसेल. वाढणाऱ्या बिया जी संप्रेरकं सोडतात त्यांवर भोवतीचा गर पोसला जातो. बी नाही तिथे गर कमी. बाजारात आपण ज्याला वाकडं सफरचंद म्हणतो आणि पन्नास फळांतून बाजूला सारतो, त्याचा वाकडेपणा बरेचदा एप्रिल महिन्यातल्या दोन-चार दिवसांत ठरलेला असतो. त्या दिवसांत पाचपैकी एखाद्या कुक्षीवर योग्य पराग पोचलेला नसतो.

सफरचंदाचं फूल पांढरं, कडेला गुलाबी. पाच-सहा फुलांचा एक झुबका. मधलं फूल आधी उमलतं आणि त्याचं फळ सगळ्यात मोठं होतं. फुलात वीसेक पुंकेसर आणि मध्ये पाच कुक्षी, त्यांचे दांडे बुडाशी एकत्र आलेले. पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने फारसा उडत नाही. तो नेण्यासाठी माशी लागते. इथपर्यंत शाळेत शिकवतात. शाळेत जे सांगितलं जात नाही, ते पुढे आहे. माशीने पराग आणून टाकला, कुक्षीला चिकटला, त्यातून नळी फुटून खाली बीजांडाकडे निघाली, तरीही काम होईलच असं नाही. कारण झाड तो पराग तपासतं.

पराग स्वतःचाच असेल तर झाड तो नाकारतं. कुक्षीच्या दांड्यात एक प्रथिन तयार असतं. ओळखीच्या खुणेचा पराग आला की ते त्याच्या नळीच्या आतलं काम बंद पाडतं, आणि नळी अर्ध्या वाटेत थांबते. ही खूण ठरवणारं जनुक प्रत्येक जातीत दोन रूपांत असतं. रेड डेलिशसची एक जोडी, गोल्डन डेलिशसची दुसरी, गालाची तिसरी. शास्त्रज्ञांनी या रूपांना क्रमांक दिले आहेत आणि आज मोठ्या रोपवाटिका त्या क्रमांकांचे तक्ते पाहून जाती निवडतात. दोन्ही क्रमांक जुळले तर काहीही धरत नाही. एक जुळला तर निम्मा पराग उपयोगी पडतो. एकही जुळला नाही तर उत्तम. आपल्याकडच्या लोकांना हे पटकन समजावं म्हणून मी गोत्राचं उदाहरण देतो : सगोत्र स्थळ झाडाला चालत नाही. उदाहरण इथेच सोडतो, कारण झाडाचा नियम माणसांच्या चालीरीतींपेक्षा कितीतरी जुना आणि सक्त आहे.

हे नियम तक्त्यात येण्याआधी बागायतदारांना कसे कळले? १८९०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातला मर्टन वेट हा संशोधक व्हर्जिनियात पेअरच्या झाडांवर जिवाणूंच्या रोगाचा अभ्यास करत होता. त्या कामात त्याने फुलांवर पिशव्या बांधल्या, कीटक आत जाऊ दिले नाहीत, आणि फळं धरेनात. मग त्याचं लक्ष बार्टलेट या एकाच जातीच्या सलग मोठ्या बागेकडे गेलं. झाडं निरोगी होती, फुलं भरपूर होती, फळं जवळजवळ नव्हती. जिथे बागेत चुकून दुसऱ्या जातीचं झाड लागलेलं होतं, त्याच्या आसपासची झाडं मात्र लगडलेली होती. मालकाच्या हिशोबी ती चुकीची झाडं होती. वेटने दाखवून दिलं की बागेचं जे काही उत्पन्न येत होतं, ते त्या चुकीच्या झाडांमुळे. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. नेटकेपणाच्या आपल्या कल्पनेत जे झाड बसत नव्हतं, त्याच्यावर बाग उभी होती.

आता आपल्या देशात येऊ. १९०४ साली फिलाडेल्फियाहून सॅम्युअल स्टोक्स नावाचा तरुण कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी सिमल्याच्या डोंगरात आला. कोटगढला स्थायिक झाला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, पुढे सत्यानंद हे नाव घेतलं. १९१६ साली त्याने अमेरिकेतल्या स्टार्क ब्रदर्सच्या रोपवाटिकेची रेड डेलिशसची रोपं आणून लावली. काही वर्षांनी गोल्डन डेलिशसही आणली. कुलूच्या बाजूला कॅप्टन ली यांनी १८७० साली इंग्लंडमधल्या आंबूस जाती लावल्या होत्या, पण आपल्या माणसाची जीभ गोडीची. डेलिशस गोड, लाल, टिकाऊ, लांबच्या बाजारात जाण्याजोगी. कोटगढपासून ती डोंगरभर पसरली आणि मक्याच्या, बटाट्याच्या शेतीवर जगणाऱ्या खोऱ्यांचं नशीब पालटलं. त्या माणसाचं ऋण हिमाचल मानतं, आणि ते योग्यच आहे.

अडचण त्यानंतर आली. दिल्लीच्या बाजारात लाल सफरचंदाला भाव, पिवळ्याला कमी. जो तो लाल लावू लागला. आधीच्या बागेत मधूनमधून गोल्डन असायची, ती तोडून तिथेही लाल आलं. सुरुवातीचा नियम होता दर तिसऱ्या ओळीत दर तिसरं झाड परागदात्या जातीचं, म्हणजे नवात एक. माशी शक्यतो ओळ धरून फिरते, ओळ सोडून पलीकडे कमी जाते, म्हणून ही मांडणी. तेवढंही राखलं गेलं नाही. पुढे तिथल्या तज्ज्ञांनी हे प्रमाण बागेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत न्यायला सांगितलं, कारण डोंगरातल्या एप्रिलचा भरवसा नाही. पाऊस, गारा, थंडी यांत माशीला जेमतेम काही तास मिळतात. त्या तासांत योग्य पराग हाताशी हवा.

इथे एक फसवी गोष्ट घडते आणि ती प्रत्येक फळबागायतदाराने समजून घ्यावी अशी आहे. हिमाचलातल्या कित्येक बागायतदारांना आपण एकच जात लावली असं वाटलंच नव्हतं. त्यांच्याकडे रॉयल डेलिशस होती, स्टार्किंग होती, रिच-अ-रेड होती, पुढे रेड चीफ, ओरेगॉन स्पर आली. पाच नावं, पाच जाती, मिश्र बाग. पण ही सगळी रेड डेलिशसच्याच एखाद्या फांदीवर आपोआप झालेल्या बदलातून निघालेली रूपं आहेत. एखादी फांदी जास्त लाल फळं देते असं दिसलं, तिच्या काड्या काढून कलमं केली, नवं नाव दिलं. रंग बदलला, झाडाची ठेवण बदलली, परागाची खूण तीच राहिली. ही पाचही झाडं एकमेकांचा पराग स्वतःचाच समजून नाकारतात. उलट रेड डेलिशस आणि गोल्डन डेलिशस नावाने सख्ख्या वाटतात, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. एक आयोवातल्या शेतकऱ्याच्या बागेत उगवली, दुसरी वेस्ट व्हर्जिनियात सापडली, दोन्हींना नाव देणारी रोपवाटिका एक. आणि त्या दोघींचं परागाचं नातं उत्तम जमतं.

आणखी एक खाचखळगा. काही जातींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. जोनागोल्ड, मुत्सू, इंग्लंडची ब्रॅम्ली. फळ मोठं, झाड जोमदार, पराग मात्र निकामी. अशी जात लावली की ती स्वतः पराग मागते आणि कोणालाही देत नाही. म्हणून तिच्यासोबत एक नव्हे, दोन परागदात्या जाती लावाव्या लागतात : एक तिला देईल, आणि त्या दोघी एकमेकींना देतील. रोपवाटिकेत फळाचा आकार विचारणारे शंभर भेटतात, हा प्रश्न विचारणारा एखादाच.

जातींची खूण जुळली नाही, पराग उत्तम आहे, तरी फुलांची वेळ जमली पाहिजे. एकीची फुलं गळून गेल्यावर दुसरीची उमलली तर त्या सोयरिकीचा उपयोग काय? हिमाचलात ज्यांच्या बागेत गोल्डन, रेड गोल्ड, टायडमन, ग्रॅनी स्मिथ अशा जाती मागे-पुढे फुलतात, त्यांना हवामान बिघडलं तरी काहीतरी हाती लागतं. शोभेचं छोटं रानसफरचंदही त्यासाठी लावतात. त्याचं फळ विकलं जात नाही, फुलं मात्र बरेच दिवस टिकतात.

ज्यांनी हे केलेलं नव्हतं, त्यांनी काय केलं? पाहण्यासारखं दृश्य आहे. एप्रिलमध्ये बागायतदार दुसऱ्याच्या बागेतून गोल्डनच्या फुललेल्या फांद्या मागून आणतात, पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत नाहीतर बाटल्यांत खोचतात आणि रॉयलच्या झाडांवर टांगतात. लग्नातल्या गुच्छासारखे, म्हणून त्यांना ‘बुके’च म्हणतात. मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने घेतात. चीनमध्ये सिचुआनच्या डोंगरांत याहून पुढची पाळी आली. फवारण्यांनी कीटक गेले, मग माणसं शिडीवर चढून पिसांच्या कुंचल्याने फुलाफुलावर पराग लावू लागली. मजुरी स्वस्त होती तोवर ते परवडलं. एक झाड वेळेवर न लावल्याची भरपाई माणूस किती कष्टाने करतो, हे त्यातून दिसतं.

माशीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण रेड डेलिशसचं फूल जरा अडचणीचं आहे. त्यातल्या पुंकेसरांच्या बुडाशी फटी असतात. हुशार माशी वरून न उतरता बाजूने सोंड घालून मध ओढते आणि कुक्षीला न शिवता निघून जाते. फुलाला भेट दिली, काम केलं नाही. परागासाठी आलेली माशी मात्र वरून चालत जाते, तिच्याकडून काम होतं. आपली सातेरी माशी गार हवेत, सकाळी लवकर कामाला निघते. परदेशी मेलिफेरा मध जास्त देते, पण तिला जरा ऊब लागते. डोंगरी फळबागेला सातेरीचा हा गुण मोठा आहे. महाराष्ट्रात सातेरीची परंपरा महाबळेश्वरच्या रानात आहे. तिथल्या मांघर गावाला २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मान मिळाला. पुण्यात १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मराठवाड्यात कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट घेणारे शेतकरी आता पेट्या भाड्याने मागवतात. मधमाशीला आपण मधासाठी पाळतो ही समजूत हळूहळू बदलते आहे, आणि तो बदल मला फार आशादायक वाटतो.

आता महाराष्ट्रातलं सफरचंद. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात पन्याला गावचे हरिमन शर्मा यांनी उष्ण भागात फळणारं सफरचंद बियांपासून मिळालेल्या रोपातून निवडलं. एचआरएमएन-९९ या नावाने ते देशभर गेलं. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. आपल्याकडच्याही काही शेतकऱ्यांनी ते लावलं आहे, सोबत ॲना आणि डॉर्सेट गोल्डन. ॲना इस्राएलमध्ये तयार झालेली, डॉर्सेट गोल्डन बहामा बेटांवर सापडलेली. डेलिशसला हजारेक तास ७ अंशांखालची थंडी लागते, यांना त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात भागतं. पण ॲनाला एकटं लावू नये. तिच्याबरोबर डॉर्सेट गोल्डन लागते, कारण दोघी एकाच सुमारास फुलतात. ज्यांच्या फुलांची वेळच इतर सफरचंदांपेक्षा वेगळी, त्यांना जोडीदारही तसाच हवा. एचआरएमएन-९९ एकटं लावलं तरी फळतं असं सांगतात. तरीही एखादं वेगळं झाड जवळ असू द्यावं, दुसरा पराग मिळाला की बिया जास्त भरतात.

ठाण्यात गच्चीवर सफरचंद लावावं का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. खरं सांगायचं तर ठाण्यात पारा ७ अंशांखाली उतरत नाही. झाड जगेल, फुलेलही, पण आपल्याच लहरीने, एक फांदी आज आणि दुसरी महिन्याने. अशा विस्कळीत फुलांना जोडीदार गाठणं कठीण. इंडोनेशियात जावा बेटावर बातू-मलंगच्या डोंगरात थंडी नसताना सफरचंद पिकवतात. तिथले शेतकरी कापणीनंतर झाडाची सगळी पानं हाताने ओरबाडतात, मग झाड एकदम फुलतं. आपल्या डाळिंबवाल्यांना यात नवं काही नाही. ताण देणं, पानगळ करणं, मृग की हस्त की आंबे बहार धरायचा ते ठरवणं ही विद्या सांगोल्याच्या आणि नाशिकच्या शेतकऱ्याच्या हातात आहेच. गच्चीवर ज्यांना हौस असेल त्यांनी मोठ्या पिंपात दोन जाती लावाव्यात, पानगळ दोघींची एकाच दिवशी करावी. एक झाड विकत घेऊन वाट बघत बसू नये.

आता हापूसकडे येतो.

कोकणातली जुनी बाग आठवा. घराजवळ पायरी, बांधावर रायवळ, कुठे बिटक्या, कुठे लोणच्याचा आंबा, आणि मध्ये हापूसची कलमं. कुणी मुद्दाम आखलेली नव्हती, पण त्या गर्दीत हापूसच्या फुलांना परका पराग आयताच मिळत होता. मग रायवळाची मोठी झाडं फळ्यांसाठी आणि जळणासाठी गेली. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. कातळात सुरुंग लावून खड्डे काढले गेले, माती भरली, कलमं लागली. त्या योजनेने कोकणच्या कितीतरी माळांना उत्पन्न दिलं, तिचं मोल मी कमी मानत नाही. पण कोकणात लोकांनी हापूस मागितला आणि हापूसच लावला. आणि कलम म्हणजे काय? एकाच झाडाची फांदी शंभर खुंटांवर. हजार कलमांची बाग परागाच्या हिशोबात एकाच झाडाची बाग असते. हिमाचलच्या रॉयलचा आणि देवगडच्या हापूसचा प्रश्न इथे एक होतो.

आंब्यात मात्र नकाराची जागा वेगळी आहे, आणि हा फरक बागायतदाराला फसवतो. दशहरी, लंगडा, चौसा या उत्तरेकडच्या जाती स्वतःचा पराग चालवून घेत नाहीत, हे १९६०च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दाखवलं गेलं. सफरचंदात परागाची नळी वाटेतच थांबते. दशहरीत ती बीजांडापर्यंत पोचते, फळधारणा सुरू होते, आणि पुढच्या काही दिवसांत आतला गर्भाला पोसणारा भाग विरून जातो. म्हणजे मोहोरावर मोहरीएवढी फळं दिसतात, बागायतदार समाधानाने घरी येतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी झाडाखाली सडा पडतो. त्याला वाटतं तुडतुड्याने खाल्लं, म्हणून तो फवारा वाढवतो. हापूसलाही परक्या परागाची जोड मिळाली की फळ जास्त धरतं, आणि म्हणूनच सलग हापूस लावू नये, त्यात केसर, रत्ना, पायरी, मानकूर अशा जाती मिसळाव्यात, असा सल्ला दिला जातो.

मोहोर जवळून बघा. एका तुऱ्यावर शेकडो बारीक फुलं, बहुतेक नर. ज्यात स्त्रीकेसरही आहे अशी द्विलिंगी फुलं मोजकी, आणि हापूसमध्ये त्यांचं प्रमाण आणखी कमी. त्या मोजक्या फुलांची कुक्षी उमलल्यानंतर काही तासच चांगल्या अवस्थेत असते. तेवढ्या वेळात कोणी यायला हवं. आंब्याला सातेरीसारख्या मधमाश्यांपेक्षा लहान-मोठ्या साध्या माश्यांचाच आधार जास्त. त्या माश्या बागेच्या कडेच्या झुडपात, पालापाचोळ्यात वाढतात. आपण बाग स्वच्छ करताना ती झुडपं काढतो आणि मोहोर फुललेला असताना फवारा मारतो. कल्टार हे संजीवक घातल्याने मोहोर येतो, वेळेवर येतो, दर वर्षी येतो. पण कल्टार पराग आणत नाही, माशीही आणत नाही. मोहोर आणणं आणि आंबा धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसा आपण पहिल्यावरच खर्च करतो.

मग लोक दुसरी जात का लावत नाहीत? दोन कारणं मला नेहमी ऐकू येतात. पहिलं व्यवहाराचं आहे. वाशीच्या मार्केटला हापूसची पेटी जाते, रत्नाची पेटी कोण घेतो? हे कारण मी हसण्यावारी नेत नाही. ज्याचं वर्ष एका हंगामावर उभं आहे, त्याला दहातलं एक झाड कमी भावाचं लावायला सांगणं सोपं नाही. त्याला हिशोब झाडाचा नव्हे, बागेचा मांडून दाखवावा लागतो. त्या एका झाडाने उरलेल्या नऊ झाडांवर जे वाढवलं, ते त्याच्या खात्यावर लिहायचं. शिवाय आता कॅनिंगला आणि थेट घरपोच विक्रीला केसरही जातो, पायरीचा रस तर गुजराती आणि मराठी दोन्ही घरांत हक्काने मागतात.

दुसरं कारण भीतीचं आहे : केसरचा पराग हापूसला लागला तर हापूसची चव बिघडेल. ही भीती मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आंब्याची साल, गर, वास, रंग हे सगळं आईच्या झाडाचं असतं. बापाचा वाटा कोयीच्या आतल्या बीमध्ये, गरात नाही. हापूसच्या कलमावर लागलेलं फळ पूर्णपणे हापूसच, मग पराग कोणाचाही असो. कोय रुजत घातली तर त्यातून येणारं झाड वेगळं निघेल. रत्ना अशीच तयार झाली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलमच्या फुलावर हापूसचा पराग घालून तिची कोय वाढवली, आणि १९८१ साली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ती जात दिली. हापूसचा गर आतून बिघडवणारा साका हा दोष तिच्यात नाही. ज्या नीलमच्या फळात ती कोय होती, ते फळ चवीला नीलमच होतं. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर यांच्याबरोबर आपल्या ठाणे जिल्ह्याचंही नाव त्यात आहे. बागेत दुसरी जात असल्याने त्या मानाला धक्का लागत नाही.

आपल्या कोकणात काही झाडांनी तर नर आणि मादी वेगळीच ठेवली आहेत. कोकमाची रोपं बियांपासून लावली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि ते फुलं येईपर्यंत कळत नाही. जायफळातही तेच, आणि तिथे वाट पाहायची ती सहा-सात वर्षं. म्हणून आज माहीत असलेल्या मादी झाडाची कलमं लावतात आणि दर दहा-बारा झाडांमागे एक नर कलम ठेवतात. जायफळवाला नर कलम तोडत नाही. त्याला ठाऊक असतं ते कशासाठी आहे. हापूसवाल्याला हेच ठाऊक व्हावं, एवढीच माझी इच्छा आहे.

शहरात राहून आपल्याला यात काय करता येईल? एक म्हणजे इमारतीच्या सज्जाखाली लागलेलं आग्यामोहोळ. आपल्या टॉवरांवर दर वर्षी लागतं. लोक घाबरतात, आणि घाबरणं बरोबरही आहे, आग्या माशी खवळली तर धोकादायक. पण ते मोहोळ कायमचं नसतं. काही महिन्यांनी माश्या स्वतःहून निघून जातात आणि पोळं रिकामं होतं. तोवर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावावी, दिवे बंद ठेवावेत, आणि अगदीच अशक्य असेल तर माश्या न मारता मोहोळ हलवणाऱ्या जाणकाराला बोलवावं. औषध मारून हजारो माश्या गच्चीवर पाडण्याची घाई सोसायटीच्या कमिटीने करू नये. येऊरच्या रानाचं परागीभवन याच माश्या करतात, आणि आपल्या सोसायटीतल्या शेवग्याचंही.

दुसरं म्हणजे ज्यांच्या गावी कलमं आहेत, त्यांनी या वर्षी एक वही करावी. डिसेंबर ते फेब्रुवारी गावी कोणी ना कोणी असतं, त्याच्याकडून फोनवर विचारून लिहावं. हापूस कधी मोहोरला, कधी पूर्ण फुलला. शेजाऱ्याच्या केसरला, पायरीला, बांधावरच्या उरल्यासुरल्या रायवळाला मोहोर कधी आला. तारखा घालून लिहावं, कारण मोहोराची आठवण आपल्याला नेहमी एक पंधरवडा पुढे-मागे दगा देते. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या की आपल्या बागेत हापूसबरोबर कोणती जात फुलते ते दिसेल. पुस्तकातला तक्ता देवगडच्या कातळावर आणि संगमेश्वरच्या दरीत सारखा लागू पडत नाही. मग ती वही घेऊन दापोली किंवा वेंगुर्ल्याला जावं आणि विचारावं.

नवी लागवड असेल तर काम सोपं आहे, दुसरी जात ओळींतच मिसळून लावायची, एका कोपऱ्यात बाजूला नाही. जुनी बाग असेल तरी वाट आहे. आजकाल उंच गेलेल्या म्हाताऱ्या कलमांचं पुनरुज्जीवन करतात. मोठ्या फांद्या छाटून खाली आणतात आणि नवी फूट घेतात. ते करताना प्रत्येक आठव्या-दहाव्या झाडाच्या एका फांदीवरच्या फुटव्यांना केसरच्या किंवा रत्नाच्या काड्यांचं पाचर कलम करावं. झाड हापूसचंच राहील, एक फांदी दुसऱ्या जातीची होईल. तिचे आंबे वेगळे उतरवायचे, त्यासाठी फांदीला रंगाचा पट्टा मारून ठेवावा, नाहीतर घाईच्या दिवसांत गडी ते हापूसच्या पेटीत टाकतील. काड्या कोणत्या झाडाच्या आहेत त्याची खात्री स्वतः करून घ्यावी, नुसत्या नावावर विश्वास ठेवू नये. कलमं रुजली की तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या फांदीवर मोहोर येईल. ज्या झाडावर ती फांदी आहे त्याच्या आणि त्याच्यापासून दूर असलेल्या झाडाच्या पेट्या त्या हंगामापासून वेगळ्या मोजायला सुरुवात करावी.